हाडाचा लिम्फोमा : केमो संपल्यावर शेक (रेडिएशन) घ्यायचा का?

उसाचा_फड (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. एरवी मी शेतीच्या धाग्यांवर असतो, आज घरचं विचारतोय.

थोरला भाऊ, वय 43. करवीर तालुक्यात गाव, सहा म्हशी आणि तीन एकर ऊस. गेल्या गणपतीपासून उजव्या मांडीत, गुडघ्याच्या जरा वर दुखायला लागलं. दिवसा कमी, रात्री जास्त. धारेला उकिडवं बसून शीर आखडली असेल असं वाटलं. तालमीत चोळून घेतलं, मलमं झाली, इंजेक्शनं झाली. एक्स-रे काढला, त्यात काही नाही म्हणाले. संक्रांतीला म्हैस सोडताना दावं हातात धरूनच तो खाली बसला, तेव्हा कोल्हापुरात हाडांच्या डॉक्टरांकडे नेला. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला आजार आणि हाडाबाहेर मांसात गाठ. तुकडा तपासला. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर), हाडातच सुरू झालेला. पेट स्कॅनमध्ये (आजाराची जागा चमकून दिसते तो स्कॅन) दुसरीकडे कुठे नाही, बोन मॅरो साफ. स्टेज एक.

कोल्हापूरचे कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात आर-चॉप (रिटुक्सिमॅब आणि आणखी चार औषधांची केमो) सहा वेळा, मग त्या जागेवर शेक. पुण्यात दुसरं मत घेतलं. ते म्हणाले सहा आर-चॉप करू, पेट काढू, साफ आला तर शेकाची गरज नाही. घरात चुलते म्हणतात हाडाचा कॅन्सर म्हणजे पाय काढलेला बरा, मुळासकट जाईल. भाऊ काहीच बोलत नाही, नुसता गोठ्याकडे बघत बसतो.

ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात तेव्हा घरच्यांनी काय करायचं?

पेठेतला
भावा, आधी चुलत्यास्नी शांत बसवा. पाय काढायचा विषय डॉक्टरनं काढला न्हाई तर आपण कशाला काढायचा? माझ्या मेव्हण्याला असाच लिम्फोमा हुता, मानेत. सहा केमो झाल्या, आज रंकाळ्याला रोज दोन फेऱ्या मारतोय. दम धरा.

रक्तपेशी
मी रक्ताच्या आजारांच्या विभागात काम करते. फाईल पाहिलेली नाही, त्यामुळे सर्वसाधारण सांगते.

सर्वात आधी पायाचं. हाडाचा लिम्फोमा आणि हाडाचा सार्कोमा (हाडाच्याच पेशींतून उठणारा कॅन्सर, उदाहरणार्थ ऑस्टिओसार्कोमा) हे वेगळे आजार आहेत. ऑस्टिओसार्कोमात गाठ कापून काढणं हा उपचाराचा गाभा असतो. लिम्फोमा हा पांढऱ्या पेशींचा आजार, तो औषधाने विरघळतो. इथे शस्त्रक्रिया दोनच कारणांसाठी : तुकडा घ्यायला, आणि हाड मोडलं किंवा मोडायला आलं तर आत रॉड घालायला. चुलत्यांना सांगा, पाय काढून आजार मुळासकट जात नाही, कारण तो एखाद-दुसरी पेशी घेऊन आधीच फिरून आलेला असू शकतो.

हे कसं कळलं तेही सांगते. 1928 मध्ये ओबरलिंग यांनी हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला, 1939 मध्ये पार्कर आणि जॅक्सन यांनी तो इतर हाडांच्या गाठींपासून वेगळा करून दाखवला. त्यानंतर कितीतरी वर्षं नुसता शेक द्यायचे. शेकलेली जागा बरी व्हायची, पण बऱ्याच रुग्णांना पुढे दुसऱ्या हाडात, गाठींत, फुप्फुसात आजार उठायचा. 1970 च्या दशकात चॉप आलं, 1997 मध्ये अमेरिकेत रिटुक्सिमॅबला मान्यता मिळाली, आणि चॉपच्या आधी आर लागला. म्हणून आज केमो हा मुख्य उपचार आहे, यावर तुमच्या दोन्ही डॉक्टरांचं एकमत आहे. वाद फक्त शेवटच्या पायरीचा आहे. ती पायरी चार-साडेचार महिन्यांनी येणार. आज तिच्यासाठी झोप घालवू नका, केमो वेळेवर सुरू करा.

हरभरा_डाळ
शेकाच्या बाजूने लिहिते. आईला 2016 मध्ये दंडाच्या हाडात हेच निघालं. सहा आर-चॉप, मग मुंबईला शेक. आज ती 71 वर्षांची आहे, भाकरी स्वतः थापते. पेट साफ होता तरी डॉक्टरांनी शेक दिला. त्यांचं म्हणणं, हाड हा असा अवयव आहे की औषध संपल्यावरही स्कॅनवर तो कित्येक महिने खराबच दिसतो. आत काय उरलंय याची खात्री देणं अवघड.

निवांत_कागल
आमचा अनुभव उलटा आहे, तोही नोंदवतो. मावशीला खुब्याजवळ होता. केमो, मग शेक. आजार गेला, परत आला नाही. पण तीन वर्षांनी न्हाणीत नुसती वळली आणि तिथंच हाड मोडलं. शेकलेलं हाड जुळायला फार वेळ लागला, वर्षभर वॉकर. तेव्हा शेक म्हणजे फुकटचा विमा असं कुणी समजू नये.

हरभरा_डाळ
@निवांत_कागल, मावशींचं वाचून वाईट वाटलं. पण त्या हाडाला आजारानेच आधी पोखरलं होतं ना? सगळा दोष शेकावर कसा जाईल?

निवांत_कागल
सगळा नाही म्हणत. अर्धा म्हणतो. मांडीच्या हाडावर अख्ख्या शरीराचा भार असतो, दंडावर नसतो. तुमच्या आईचा आणि आमच्या मावशीचा हिशेब एक होत नाही, एवढंच.

रक्तपेशी
दोघांचंही बरोबर आहे. भार घेणारं हाड, रुग्णाचं वय, गाठ किती मोठी होती, सांधा शेकाच्या पट्ट्यात येतो का, यावर ठरतं. पूर्वी डोस जास्त असायचा आणि पट्टा रुंद. आता आजार होता तेवढीच जागा धरतात, आणि पेट साफ असेल तर साधारण 30 ते 36 ग्रे (शेकाचा डोस मोजायचं एकक) पुरतो. रोजचे 2 ग्रे धरले तर आठवड्याला पाच दिवस, 15 ते 18 वेळा.

अभ्यासाचं म्हणाल तर 2013 मध्ये जर्मन गटाने आपल्या जुन्या चाचण्यांतले हाडात आजार असलेले रुग्ण वेगळे काढून पाहिले. हाडातल्या आजारात रिटुक्सिमॅबचा फायदा अपेक्षेएवढा दिसला नाही, शेक घेतलेल्यांचा निकाल मात्र चांगला निघाला. शेकाच्या बाजूचे डॉक्टर याच अभ्यासाकडे बोट दाखवतात. दुसरी बाजू म्हणते, त्यातल्या अनेकांचा आजार फक्त हाडापुरता नव्हता, आणि आजच्यासारखं पेट बघून ठरवण्याची पद्धत तेव्हा नव्हती. आजार इतका दुर्मिळ आहे की दोन गट करून, चिठ्ठी टाकून मोठी चाचणी घ्यायला पुरेसे रुग्णच जमत नाहीत. म्हणून दोन चांगले डॉक्टर दोन मतं देतात. त्यात कुणी फसवत नाहीये.

काचपट्टी
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. धागा शेकावर गेलाय, मला त्याच्या आधीच्या पायरीवर बोलायचंय.

तुकड्याचे ब्लॉक आणि काचा ताब्यात घ्या. हाडाचा तुकडा कापता यावा म्हणून त्यातला चुना आधी ॲसिडमध्ये विरघळवावा लागतो. घाई झाली, ॲसिड तीव्र पडलं, तर पेशींवरच्या खुणा मरतात आणि सीडी20 सारखा तपास खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. लिम्फोमाच्या पेशी नाजूक, सुईच्या चिमट्यात चिरडतातही. माझ्या टेबलावर अशा काचा आल्यात की नुसती निळी रेघोटी दिसते, पेशी म्हणून काही नाही. म्हणून हाडाबाहेरच्या मऊ गाठीतून तुकडा मिळाला तर सोनं. इविंग सार्कोमा, हाडाचा टीबी, जुना हाडाचा पू, मायलोमा, हे सगळे याच्यासारखे दिसू शकतात आणि प्रत्येकाचा उपचार निराळा. रिपोर्टमध्ये सीडी45, सीडी20, सीडी3 या खुणा आणि केआय-67 (वाढणाऱ्या पेशींचं प्रमाण) लिहिलंय का बघा. मोठ्या केंद्रात काचा परत वाचून घ्या.

उसाचा_फड (धागाकर्ता)
@काचपट्टी, बघितलं. सीडी45 आणि सीडी20 पॉझिटिव्ह, सीडी3 निगेटिव्ह, केआय-67 80 टक्के. ब्लॉक आजच मागतो.

एक विचारतो. गावात जी इंजेक्शनं दिली त्यातलं एक स्टेरॉइड होतं असं आता कळलं. दिवाळीत दोन आठवडे भाऊ अगदी बरा होता, सूजही उतरली होती. त्याने काही बिघडलं का?

रक्तपेशी
लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने मरतात, पण आजार तात्पुरताच दबतो. म्हणूनच चॉपमधला शेवटचा पी म्हणजे प्रेडनिसोलोन. तपासाच्या आधी स्टेरॉइड मिळालं की सूज उतरते, दुखणं थांबतं, आणि त्या दिवसांत तुकडा घेतला तर त्यात काही सापडेलच असं नाही. तुमचा तुकडा नंतर घेतला, त्यात आजार स्पष्ट आला, म्हणजे ते निभावलं. वेळ गेला एवढंच. रात्रीचं हाडाचं दुखणं महिनाभरात हटलं नाही तर एक्स-रे साफ आहे म्हणून थांबू नये. या आजारात हाडाची बाहेरची भिंत शाबूत दिसते आणि पेशी तिच्या बारीक भोकांतून बाहेर मांसात पसरलेल्या असतात. एमआरआयलाच ते दिसतं.

शिवार_फाटा
सगळं वाचलं. मला वाटतं केमोच्या नादी लागण्याआधी एकदा आहार आणि काढा करून बघावा. आमच्याकडे एक वैद्य आहेत, तीन महिन्यांत गाठ वितळवतात.

पेठेतला
तीन म्हैन्यात ही गाठ कुठनं कुठं जाईल म्हाईत हाय काय? वर रिपोर्ट लिवलाय, 80 टक्के. शंभरातल्या ऐंशी पेशी वाढायच्या तयारीत उभ्या हैत. हात जोडून सांगतो, हा सल्ला हितं देऊ नका.

रक्तपेशी
पेठेतला यांच्याशी पूर्ण सहमत. हा वेगाने वाढणारा आजार आहे, पण वेगाने वाढतो म्हणूनच केमोला चांगला वाकतो. एका हाडापुरता असताना पकडला तर बरा होण्याची शक्यता खरोखर चांगली असते. ती शक्यता तीन महिने काढ्यावर टांगू नका. शिवाय काही काढे यकृतावर ताण आणू शकतात आणि मग डोस पुढे ढकलावे लागतात.

दुपारची_कोयना
मी स्वतः रुग्ण होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. माझा पोटातल्या गाठींचा होता, पण औषधं हीच, 21 दिवसांनी एक, अशा सहा.

पहिला दिवस सर्वात लांब. रिटुक्सिमॅब पहिल्यांदा अगदी थेंब-थेंब सोडतात, पाच-सहा तास लागतात. तासाभराने मला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले. सिस्टरांनी औषध थांबवलं, इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासाने परत हळू सुरू केलं. घाबरू नका, पहिल्या वेळी हे अनेकांना होतं. मग लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन. ते मोठ्या सिरिंजमधून सिस्टर स्वतः ढकलतात आणि सगळा वेळ नजर तुमच्या हातावर, कारण शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते. जरा जरी झोंबलं तरी लगेच सांगायचं, भिडेखातर गप्प बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी लघवी लालसर होते. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी रक्त समजून बायकोला हाक मारली होती.

प्रेडनिसोलोनचे पाच दिवस भूक पेटते आणि झोप उडते. गोळ्या सकाळी नाष्ट्यानंतर घ्या. साखर तपासत राहा. सहाव्या दिवशी सगळं अवसान गळतं, तो दिवस सांभाळा. व्हिन्क्रिस्टिनने बोटांना मुंग्या येतात आणि पोट साफ होत नाही, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागा.

सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. थर्मामीटर उशाशी. ताप 100.4 दिसला की रात्रीचे दोन वाजले असोत, गाडी काढायची. सकाळी बघू म्हणायचं नाही. गोठ्यातलं शेण, मूत, ओला चारा यापासून ते दिवस लांब राहायला लागेल. तुमच्या भावाला हेच सर्वात जड जाईल असं वाटतं.

उसाचा_फड (धागाकर्ता)
गोठ्याचं अगदी बरोबर ओळखलंत. काल डॉक्टरांनी तेच सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कॅन्सर सांगितला तेव्हा आलं नव्हतं.

घाटगे_वहिनी
खाण्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कोल्हापूरकर माणूस, घरी लोक भेटायला येणार आणि डबे आणणार. ताजं शिजवलेलं, गरम, घरचं. पांढरा रस्सा चालतो, पण त्याच दिवशीचा, मिरी बेताची. तोंड आलेलं असताना तांबड्याचं नाव काढू नका. कच्ची कोशिंबीर आणि बाहेरचं दही बंद. रसवंतीचा रसही त्या दिवसांत नको, बर्फ आणि भांडी कसली असतील सांगता येत नाही. भेटायला येणाऱ्यांना दारातनंच नमस्कार. वाईट दिसलं तरी चालेल.

पेठेतला
वहिनी, धारोष्ण दूध?

घाटगे_वहिनी
अजिबात नाही. दूधवाल्याच्या घरचं असलं तरी उकळूनच.

दुपारची_कोयना
मुंबईला जावं लागलं तर महालक्ष्मी एक्सप्रेस बरी, रात्री बसलं की सकाळी दादर. परळला टाटाजवळ नाना पालकर स्मृती समिती आणि दादरला गाडगे महाराज धर्मशाळा, दोन्हीकडे रुग्णांची सोय होते. जागेसाठी रुग्णालयाचे कागद लागतात, आधी चौकशी करा. पण आर-चॉप मुंबईतही तेच आणि कोल्हापुरातही तेच. मत मोठ्या केंद्राचं घ्यावं, केमो घराजवळ घ्यावी. रात्री ताप आला तर मुंबई कामाची नाही.

निवांत_कागल
पैशाचं : महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमो आणि शेक दोन्ही बसतात. योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच भेटा, रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा. रिटुक्सिमॅबचं आपल्याकडचं बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच बनवलेलं औषध) 2007 पासून मिळतं, त्यामुळे पूर्वीइतकं ते आवाक्याबाहेर राहिलेलं नाही.

नाव_नको
एक अवघड गोष्ट लिहितो, घरात कुणी बोलणार नाही म्हणून. भावाला अजून मूल हवं असेल तर केमोच्या आधी वीर्य साठवून ठेवता येतं. मी 29 वर्षांचा होतो, मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

रक्तपेशी
फार मोलाचं लिहिलंत. यात भर : रिटुक्सिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बी ची तपासणी झालीच पाहिजे, दबलेला विषाणू उसळू शकतो. आणि लाल औषधाआधी हृदयाचा टूडी इको. सहा वेळा मिळून ते 300 मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर होतं. मर्यादेच्या आत आहे, पण हृदय आधीपासून दमलेलं नाही ना हे बघावं लागतं.

उसाचा_फड (धागाकर्ता)
इको आणि हिपॅटायटिस दोन्ही झाले, ठीक आहेत. दोन मुली आहेत, तरी त्याला नाव_नको यांचं म्हणणं वाचून दाखवलं. नको म्हणाला, पण विचारल्याचं त्याला बरं वाटलं. सोमवारी पहिली केमो. पायावर भार द्यायचा नाही, कुबड्या दिल्यात.

उसाचा_फड (धागाकर्ता)
धागा वर काढतोय. तीन केमो झाल्या. दुसरीनंतर नवव्या रात्री 101 ताप आला. दीड वाजता गाडी काढली, पाच दिवस अँटिबायोटिक. दुपारची_कोयना, तुमचं वाक्य आईने कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. मांडीतलं रात्रीचं दुखणं पहिल्या केमोनंतर दहा दिवसांत थांबलं. मधला पेट बराच साफ.

उसाचा_फड (धागाकर्ता)
सहा केमो पूर्ण. सात आठवड्यांनी पेट काढला. आधी लवकर काढायचा होता, पण पेशी वाढवायच्या इंजेक्शनांनी सगळी मॅरो पेटल्यासारखी दिसते म्हणून थांबवलं. मूळ जागेवर डोव्हिल 3 (पेटवरची चमक 1 ते 5 मध्ये मोजतात). म्हणजे यकृताइतकी किंवा त्यापेक्षा कमी चमक, साफ धरतात, पण अगदी निरंकही नाही.

मग मी एक केलं. कोल्हापूरच्या आणि पुण्याच्या डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायची विनंती केली. वाटलं होतं रागावतील. दोघं वीस मिनिटं बोलले. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, चमक 1 किंवा 2 असती तर मी थांबलो असतो, पण सुरुवातीला हाडाबाहेर आठ सेंटिमीटरची गाठ होती, म्हणून शेकाला माझी हरकत नाही. कोल्हापूरचे म्हणाले, मग डोस 30 वरच ठेवू आणि गुडघ्याचा सांधा जेवढा वाचवता येईल तेवढा वाचवू. @निवांत_कागल, मावशींचं त्यांना सांगितलं होतं. त्यामुळे शेकानंतर सहा महिने काठी, उकिडवं बसायचं नाही, आणि व्हिटॅमिन डी तपासायला सांगितलंय.

निवांत_कागल
मावशीला वाचून दाखवतो. तिला बरं वाटेल.

हरभरा_डाळ
शेक चालू असताना त्या जागेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय साबण, तेल, काही लावू नका. कातडी काळवंडते, नंतर उजळते.

उसाचा_फड (धागाकर्ता)
आज अकरावा शेक झाला, चार राहिले. मांडीवर जांभळ्या शाईच्या रेघा आहेत, त्यावरून मशीन जुळवतात. धाकटी पुतणी रोज आंघोळीआधी दाराशी उभी राहून ओरडते, पप्पा, रेघा. धार आता वहिनी काढते. तो गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसतो आणि कुठली म्हैस आज कमी देणार ते आधीच सांगतो. पुढचा पेट शेकानंतर तीन महिन्यांनी.

वारणा_खोरं
नवीन सदस्य आहे, सगळा धागा वाचला. माझ्या आत्याला पाठीच्या मणक्यात निघालंय, तुकड्याचा रिपोर्ट नक्की नाही म्हणतात, लिम्फोमा असू शकेल एवढंच लिहिलंय. सांगलीत दाखवलंय. कुठून सुरुवात करू?

उसाचा_फड (धागाकर्ता)
आत्यांच्या पायांतली ताकद कमी होत असेल, मुंग्या येत असतील किंवा लघवी अडत असेल तर आजच्या आज दवाखान्यात न्या. तसं काही नसेल तर ब्लॉक आणि काचा उद्याच ताब्यात घ्या. आणि स्टेरॉइड चालू केलंय का, ते विचारा. मेसेज करा, कुठल्या काचा कशा मागायच्या ते सांगतो.